प्रोबायोटिक तळ्यात ओतायचं की खाद्यातून द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: तिलापियाच्या तळ्यात रोज थोडी थोडी मरतुक चालू आहे. काही माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा आहेत, पाण्यात नायट्राइट वाढलंय. अँटिबायोटिक दिल्यावर मरतुक थांबली होती, महिन्याभरात ती पुन्हा सुरू झाली. आता विक्रेता प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंची, दोन पाकिटं देतोय, एक ‘पाण्याचं’ आणि एक ‘पोटाचं’, आणि दोन्ही वापरली की सगळं मार्गी लागेल म्हणतोय. याचा खरंच उपयोग होतो का, कशातून द्यायचं, अँटिबायोटिकसोबत चालतं का, आणि पाकिटातले जिवाणू मळीत वाढवून वापरता येतात का?

उपयोग होतो. पण ज्या कामासाठी ती पाकिटं तुमच्या गळ्यात मारली जात आहेत, त्या कामासाठी नाही. चांगले जिवाणू रोग येऊ नये म्हणून द्यायचे असतात, आलेला रोग ते बरा करत नाहीत. जखमा झालेल्या माशात रोगजंतू रक्तात, मूत्रपिंडात, यकृतात, कधी मेंदूतही पोचलेले असतात. आतड्यातल्या किंवा पाण्यातल्या बॅसिलसचा, म्हणजे या पाकिटांत बहुधा असणाऱ्या जिवाणूचा, तिथे हात पोचत नाही. शिवाय आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. त्यामुळे खाद्यातून काहीही दिलं तरी ते धडधाकट मासे खाऊन टाकतात आणि ज्याला गरज आहे तो उपाशीच राहतो.

तेव्हा पाकिटं बाजूला ठेवा आणि आधी दोन कामं उरका. पहिलं, मरायला टेकलेले पण अजून जिवंत असलेले चार-पाच मासे प्रयोगशाळेत न्या. मेलेला मासा काही तास पाण्यात राहिला की त्यात इतर जिवाणू माजतात आणि तपासणीचा काही अर्थ राहत नाही. मूत्रपिंड आणि मेंदू या दोन्हींतून जिवाणू वाढवून पाहायला सांगा आणि कोणतं औषध लागू पडतं हेही तपासून घ्या. लाल चट्टे आणि जखमा असतील तर बहुतेक वेळा एरोमोनास हा जिवाणू निघतो. डोळे बाहेर आलेले असतील, मासा गोल गोल फिरत असेल, तर तिलापियात स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय जास्त. दोन्हींचं औषध एकच असेल असं गृहीत धरू नका. मागच्या वेळी मरतुक थांबून परत आली याचा अर्थ एकतर औषध अर्धवट लागू पडलं, नाहीतर माशाला कमजोर करणारं कारण तसंच राहिलं. तुमच्याकडे ते कारण समोर दिसतंय: नायट्राइट.

दुसरं काम त्याचंच, आणि त्याला मीठ लागतं. क्लोराइड आणि नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून एकाच वाटेने आत शिरतात. क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला जागा मिळत नाही. गोड्या पाण्यात नेहमीचा हिशोब असा, की नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड हवं. नायट्राइट-नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर क्लोराइड १० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ साधारण साडेसोळा मिलिग्रॅम. एक हेक्टर पसरलेल्या, सरासरी १ मीटर खोल तळ्यात १ कोटी लिटर पाणी असतं, म्हणजे मीठ झालं सुमारे १६५ किलो. पाण्यात आधीच क्लोराइड असेल तर तेवढं वजा करा. तुमचं किट नायट्राइट दाखवतं की नायट्राइट-नायट्रोजन, हेही पाहून घ्या. नुसतं नायट्राइट दाखवत असेल तर आकड्याला ३.३ ने भागा. मिठाने नायट्राइट कमी होत नाही, त्याचं विष माशाला बाधत नाही इतकंच. पण तेवढंच आत्ता हवंय आणि ते दिवसाभरात साधतं. जोडीला खाद्य निम्म्यावर आणा आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवा.

आता पाण्याचं पाकीट. त्यावर बहुधा ‘१ ग्रॅममध्ये १० चा नववा घात सीएफयू’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे ग्रॅमला १ अब्ज जिवंत जिवाणू. आकडा दणदणीत वाटतो. याच तळ्यासाठी हिशोब करून बघा. किलोभर पाकिटात १ लाख कोटी जिवाणू झाले. तळ्यातलं पाणी १,००० कोटी मिलिलिटर. भागाकार केला की मिलिलिटरला १०० जिवाणू येतात. खाद्यावर पोसलेल्या तळ्याच्या पाण्यात मुळातच मिलिलिटरला लाखांनी, बरेचदा दहा लाखांनी जिवाणू असतात. भरलेल्या जत्रेत चार पाहुणे उतरले तर जत्रेचा रंग बदलत नाही, तशातली ही गत.

‘पण ते वाढतील ना?’ असं यावर विक्रेता हमखास म्हणतो. वाढतील, जागा मोकळी असेल तर. तुमच्या तळ्यात ती मोकळी नाही. त्या तापमानाला, त्या सामूला (पीएचला), त्या गाळाला सरावलेले जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेत आणि आलेल्या नव्यांना खायला एकपेशीय प्राणी टपलेले आहेत. काही दिवसांत नव्यांची संख्या ओसरते, म्हणून मग ‘दर आठवड्याला टाका’ असं सांगितलं जातं. जागा कुठे मोकळी असते? नुकत्याच निर्जंतुक करून भरलेल्या टाकीत, नव्याने तयार केलेल्या तळ्यात पहिलं पाणी घेतल्यावर, हॅचरीत (जिथे पिल्लं तयार करतात). तिथे पाण्यात जिवाणू सोडण्याला अर्थ आहे, कारण पाणी थोडं आहे आणि पहिला येईल त्याला बैठक मिळते.

तळ्यावरचे प्रयोगही हेच सांगतात. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात क्लॉड बॉइड यांनी कॅटफिशच्या तळ्यांत जिवाणूंची तयार उत्पादनं अनेक वर्षं तपासली. पाण्याच्या गुणवत्तेत फरक पडला तर तो नगण्य. मात्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात जिवाणू टाकलेल्या तळ्यांत मासे जास्त जगले आणि उत्पादनही वाढलं, पाण्याचे आकडे जवळपास तेच असताना. हा निकाल मला नेहमी विचार करायला लावतो. पाणी सुधारलं नाही तरी मासा सुधारला असेल, तर परिणाम माशावर किंवा त्याच्या पोटात कुठेतरी झाला असणार. मग तळ्याची वळणं घेण्यापेक्षा सरळ पोटातच का देऊ नये?

पण त्याआधी एक फसगत. पाण्याचं पाकीट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया उतरला, असा अनुभव पुष्कळ जण सांगतात. पाकिटामागचा मजकूर वाचा. भरण म्हणून त्यात झिओलाइट हे खनिज असेल तर गोड्या पाण्यात अमोनिया तोच शोषून घेतो आणि श्रेय जिवाणूंना मिळतं. खऱ्या अर्थाने अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू, म्हणजे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पिरा, अगदी सावकाश वाढतात आणि त्यांना बॅसिलससारखे बीजाणू (प्रतिकूल काळात तगणारी कठीण, सुप्त रूपं) होत नाहीत. साध्या तापमानाला कोरड्या पावडरमध्ये ते महिनोन्‌महिने जिवंत राहतात हा दावा मी तरी सहज पचवून घेत नाही. द्रवरूप, थंडाव्यात ठेवलेलं, उत्पादनाची तारीख ताजी असलेलं असेल तर विचार करता येतो. तेही बंदिस्त टाक्यांच्या बायोफिल्टरसाठी, म्हणजे जिवाणूंच्या थराने पाणी साफ करणाऱ्या गाळणीसाठी, जी एरवी तयार व्हायला चार ते सहा आठवडे घेते. या जिवाणूंना खुराकही लागतो: १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सात ग्रॅमच्या वर क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद. तुमच्या पाण्याची क्षारता तळाला गेली असेल तर बाहेरून कितीही जिवाणू आणा, ते उपाशी मरतील. चुना मारून क्षारता वर आणली तर तळ्यात आहेत तेच कामाला लागतात. कित्येक तळ्यांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो.

आता पोटाचं पाकीट. माझा खरा भर यावर आहे. तोच ग्रॅमला १ अब्जवाला माल किलोभर खाद्यात ५ ग्रॅम मिसळला तर खाद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ५० लाख जिवाणू येतात. ज्या प्रयोगांत फायदा दिसला, त्यांतले बहुतेक खाद्याच्या ग्रॅमला १० लाख ते १ अब्ज या टप्प्यातले आहेत. म्हणजे तळ्यात हरवणारं किलोभर पाकीट २०० किलो खाद्याला पुरतं आणि थेट मुक्कामी पोचतं.

तिथे जाऊन ते बऱ्याच गोष्टी करतात. प्रथिनं आणि पिष्ट पचवणारी विकरं सोडतात. आतड्याच्या अस्तरावरची जागा अडवतात. लॅक्टिक आम्लाचे जिवाणू सामू उतरवतात आणि रोगजंतूंना मारक द्रव्यं सोडतात. काही बॅसिलस तर रोगजंतूंचे एकमेकांना जाणारे रासायनिक निरोपच तोडतात, त्यामुळे हल्ला एकवटत नाही. आणि माशाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी राहते: जिवाणू फोडणारं लायसोझाइम हे विकर वाढतं, भक्षक पेशी चपळ होतात. माझ्या मते मोठ्या माशात हा शेवटचा भागच सगळ्यात महत्त्वाचा.

‘प्रयोगशाळेत या जिवाणूने एरोमोनास मारला’ असं पत्रकावर छापलेलं असेल आणि शेजारी बशीतल्या स्वच्छ वर्तुळाचा फोटो असेल, तर त्यावर भाळू नका. डेन्मार्कच्या लोन ग्राम आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूचा एएच२ नावाचा वाण तपासला होता. १९९९ मध्ये त्यांना दिसलं, की इंद्रधनुषी ट्राउटमध्ये व्हिब्रिओ या रोगजंतूने होणारी मरतुक त्याने कमी होते. २००१ मध्ये तोच वाण सॅल्मनच्या फुरुन्क्युलोसिस या फोडांच्या रोगावर वापरला. बशीत त्याने रोगजंतूला व्यवस्थित रोखलं, माशाला मात्र काडीचं संरक्षण मिळालं नाही. वाण तोच, पण मासा बदलला, रोग बदलला, निकाल बदलला. त्यामुळे विक्रेत्याला एवढंच विचारा: याच वाणाचा, माझ्याच माशावर, खाद्यातून दिलेला प्रयोग झालाय का? ‘बॅसिलस सबटिलिस’ एवढं नाव पुरेसं नाही. पुढे वाणाचा क्रमांक हवा.

उबदार पाण्यातल्या गोळी खाद्यासाठी बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस किंवा अमायलोलिक्विफेशियन्स हे सोयीचे, कारण त्यांचे बीजाणू वाळवणं, साठवण आणि जठरातलं आम्ल सोसतात. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकोकस हे लॅक्टिक जिवाणू गुणाला चांगले पण नाजूक, त्यांना थंडावा आणि घट्ट बंद डबा लागतो. थंड पाण्यातल्या ट्राउट-सॅल्मनला तीस अंशांच्या पुढे खुलणारा जिवाणू देण्यात फारसं हशील नाही.

खाद्यात मिसळताना गोळी तयार होण्याआधी घालू नका. गोळ्या बनवणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रातलं तापमान शंभरीच्या पुढे जातं आणि लॅक्टिक जिवाणू त्यात उरत नाहीत. बाहेरून चोळा. किलोला ५ ग्रॅम पावडर २०-३० मिलिलिटर क्लोरीनविरहित पाण्यात कालवा, फवारणीच्या बाटलीने गोळ्यांवर मारत हाताने वरखाली करा, सावलीत अर्धा-पाऊण तास पसरून ठेवा. मग किलोला १०-१५ मिलिलिटर माशाचं किंवा वनस्पतीचं तेल चोळा, म्हणजे गोळी पाण्यात पडताच पावडर धुऊन जात नाही. तेल चोळताना हाताला गोळी ओलसर लागता कामा नये, लागली तर आणखी वाळू द्या. लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी संपवा. चोळलेलं खाद्य पोत्यात भरून ठेवलं तर बुरशी लागते, आणि बुरशीच्या विषाने यकृत खराब झालेल्या माशाला कुठलाच जिवाणू वाचवत नाही.

किती दिवस? हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत. देणं बंद केलं की साधारण एक ते तीन आठवड्यांत त्यांचा मागमूस उरत नाही. त्यामुळे एखाद-दोन दिवस देऊन काही साधत नाही. निदान चार आठवडे सलग द्या आणि ते ताण येण्याआधी सुरू करा: बोटुकली सोडण्यापूर्वी, प्रतवारी किंवा वाहतुकीच्या आधी, हवामान पालटण्याच्या तोंडावर. वर्षभर रोज द्यायलाच हवं असं नाही. डोस दुप्पट करून परिणामही दुप्पट होत नाही.

पाकिटात छापलंय तेवढं खरंच आहे का, हे तपासणं सोपं आहे आणि कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतं. १ ग्रॅम पावडर ९ मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात घालून ८० अंशांना १० मिनिटं तापवायची. यात साध्या पेशी मरतात, बीजाणू राहतात. मग दहा-दहा पटीने पातळ करत, मूळच्या दहा लाख पट पातळ द्रावणाचा ०.१ मिलिलिटर न्यूट्रिअंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीतल्या थरावर, पसरायचा. ग्रॅमला १ अब्ज बीजाणूंचा दावा खरा असेल तर दुसऱ्या दिवशी बशीत शंभराच्या आसपास ठिपके उगवतात. दहा-बारा उगवले तर दहावा हिस्साच माल आहे. एकही नसेल तर तुम्ही कोंडा विकत घेतलाय. आणखी थोडा खर्च करून ते ठिपके नक्की कोणाचे हेही ओळखून घ्या. बॅसिलस सेरियस निघाला तर ते पाकीट वापरू नका, त्याचे काही वाण माणसात अन्नविषबाधा घडवतात.

हे उगाच भीती घालणं नाही. मत्स्यपालनात प्रोबायोटिकची सुरुवातच ज्याच्यापासून मोजली जाते, तो १९८६ च्या सुमारास जपानमध्ये यलोटेल माशाच्या खाद्यात वापरलेला ‘बॅसिलस टोयोई’ याच सेरियसच्या गोतावळ्यातला. पुढे युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्याची पशुखाद्यातली परवानगी निलंबित केली, कारण त्या वाणात अँटिबायोटिकला दाद न देण्याचे गुण आणि विष बनवण्याची क्षमता आढळली. प्रतिकाराची जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. रोगजंतूला तीच भेट आपण पाकिटातून द्यायची म्हणजे कमालच.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकत्र देऊ नका. औषधाला रोगजंतू आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. तपासणीनंतर औषध ठरलं तर त्याचा पूर्ण कोर्स होऊ द्या, आणि तो संपल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून प्रोबायोटिकचं खाद्य सुरू करा. ही वेळ नेमकी साधण्यासारखी आहे. औषधाने आतडं बरंचसं रिकामं झालेलं असतं, आणि मघाशी म्हटलं तशी मोकळी जागा मोठ्या माशात मिळते ती एवढ्याच दिवसांत. ती तुम्ही भरली नाहीत तर उरलासुरला एरोमोनास भरतो. मागच्या वेळी तुमच्याकडे तसंच झालं असण्याची शक्यता बरीच आहे. पोटॅशियम परमँगनेट, क्लोरीन, आयोडीन, फॉर्मेलिन यांनाही हाच नियम: हॅचरीच्या टाकीत जिवाणू सोडायचे तर मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या आणि उरलेला क्लोरीन शून्य असल्याची खात्री करा.

हॅचरी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पिल्लाचं तोंड उघडतं त्या पहिल्या दिवसांत त्याच्या आतड्यात कोण शिरणार हे पाणी आणि जिवंत खाद्य ठरवतं. पिल्लांना खायला देतात ते रोटिफर आणि आर्टेमिया हे सूक्ष्म जीव व्हिब्रिओ घेऊन येतात. ते खाऊ घालण्याआधी काही तास प्रोबायोटिकच्या पाण्यात ठेवले तर तेच वाहक आपल्या बाजूने काम करतात. पाणी अतिस्वच्छ करून लगेच पिल्लं सोडण्यातही धोका असतो, कारण रिकाम्या पाण्यात भराभर वाढणारे संधिसाधू आधी माजतात. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात गाळलेलं पाणी आधी बायोफिल्टरमधून मुरवून मग वापरलं, तेव्हा हॅलिबटची पिल्लं जास्त जगली आणि टर्बटची सुरुवातीला वेगाने वाढली. बाहेरचा एकही जिवाणू आणावा लागला नाही.

फायदा होतोय की नाही हे कळायला निम्म्या तळ्यांत द्या, निम्म्यांत देऊ नका. बाकी खाद्य, बीज, दाटी सारखीच ठेवा. रोजची मरतुक, खाद्याचा रूपांतर दर (किलोभर वाढीला किती किलो खाद्य लागलं) आणि पंधरवड्याचं वजन लिहून ठेवा. एकच तळं असेल तर मागच्या हंगामाशी तुलना करावी लागते आणि ती तुलना लंगडी असते, कारण दोन हंगामांचं हवामान सारखं नसतं.

राहिला मळीचा प्रश्न. पिंपात पाणी, मळी आणि पाकीट घालून दोन दिवस हवा सोडली की फेस येतो, वास सुटतो, आणि ‘जिवाणू वाढले’ असं वाटतं. वाढतात खरे, पण कोण ते फेसावर लिहिलेलं नसतं. मळी, पिंप, पाणी यांपैकी काहीच निर्जंतुक नसतं, आणि साखर खाऊन बॅसिलसपेक्षा वेगाने वाढणारे पुष्कळ आहेत. कित्येक व्हिब्रिओंनाही साखर आवडते. शिवाय मळीसकट ते तळ्यात ओतलं की पाण्यातले सगळेच जिवाणू उसळतात, ऑक्सिजन खातात, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून उभे राहतात. लॅक्टिक जिवाणूंचं त्यातल्या त्यात बरं: झाकण लावून, हवा न देता आंबवलं आणि सामू ४ च्या खाली उतरला तर इतरांना तिथे तग धरता येत नाही. बॅसिलसला ती सोय नाही. तुमच्या तळ्यात नायट्राइट चढलेलं, मासे जखमी, ऑक्सिजनवर आधीच ताण, त्यात हे पिंप ओतू नका. मरतुक थांबून मासे पुन्हा खायला लागले की तीच पावडर तेलासोबत गोळ्यांना चोळा.